स्टॉक कार सिमच्या डेमोत गाडी सारखी डावीकडे ओढते आणि चौथ्या टर्नला फिरते: आधी हे तपासा

सोलापुरात सिम रेसिंग करणारी मंडळी मोजकीच. पण स्टॉक कार सिमच्या, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या गाड्यांच्या शर्यतीच्या कॉम्प्युटर गेमच्या, या डेमोबद्दल जो तो एकच रड सांगतोय. सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग व्हीलवरचा हात सैल सोडला की गाडी आपोआप डावीकडे निघते. कॅलिब्रेशन केलं, म्हणजे व्हीलचं केंद्र नव्यानं ठरवलं, की जमल्यासारखं वाटतं, दोन-चार लॅप होतात आणि परत तेच. त्यात चौथ्या, म्हणजे लॅपमधल्या शेवटच्या, टर्नमधून बाहेर पडताना मागचं टोक निसटतं आणि गाडी गरकन फिरून भिंतीवर जाते. पूर्व भागातल्या एका दोस्ताचा व्हॉइस मेसेज आला, "डावीकडं ओढलाली बे, व्हील गेलं वाटतं." मग ड्रायव्हर काढा, परत टाका, केबल बदला आणि शेवटी विंडोजच नवीन टाका, इथपर्यंत मजल जाते.

तसलं काही करू नका. या एका तक्रारीत दोन तक्रारी गुंतल्यात. डावीकडे ओढणं हा बिघाडच नाही. गाडी फिरणं हा बिघाड असू शकतो, पण तो कुठला हे कळायला आधी पहिली भानगड बाजूला काढावी लागते.

डावीकडे ओढणं

आपल्याकडे बहुतेक जण फॉर्म्युला वन बघून किंवा रस्त्यावरच्या गाड्यांचे गेम खेळून इकडे येतात. तिथली गाडी डावी-उजवी सारखी असते, हात सोडला की सरळ जाते. ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, शर्यतभर डावीकडेच वळायचं असतं, त्यामुळे स्टॉक कारची मांडणी मुळातच वाकडी असते. कॅम्बर, म्हणजे चाकाचं आत-बाहेर कलणं, बघा. उजव्या पुढच्या चाकाचं डोकं आत कललेलं, डाव्याचं बाहेर. म्हणजे दोन्ही चाकं ड्रायव्हरच्या डाव्या हाताकडे झुकलेली. कललेलं चाक त्या बाजूला ओढतंच. शिवाय उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा किंचित मोठा ठेवतात, त्याला स्टॅगर म्हणतात. उजवं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि गाडी डावीकडे झुकत राहते. अमेरिकेतल्या नॅसकार या स्टॉक कार शर्यतींच्या कप मालिकेत २०२२ ला नवीन गाडी आली, तिची बॉडी दोन्ही बाजूंनी सारखी आहे. चाकांचं कलणं मात्र तसंच राहिलं.

दुसरं म्हणजे ट्रॅकचा उतार. अमेरिकेतल्या डेटोना ट्रॅकला टर्नमध्ये ३१ अंशांचं बँकिंग, म्हणजे आडवा उतार, आहे, आणि प्रेक्षकांसमोरचा ज्याला आपण सरळ पट्टा म्हणतो तोही मध्यावर १८ अंशांनी कललेला आहे. अशा उतारावर हात सोडला तर गाडी खाली, म्हणजे डावीकडेच, येणार. डेमोत दीड मैलाचा ट्रॅक दिलाय. तिथे उतार एवढा नाही, पण सपाटही नाही.

मग व्हील खरंच बिघडलंय की नाही हे कसं ओळखायचं? गेम बंद करा. विंडोजच्या सर्चमध्ये यूएसबी गेम कंट्रोलर असं शोधा, आपलं व्हील निवडा, प्रॉपर्टीज उघडा. चौकोनात एक फुली दिसेल. व्हील हातानं सरळ करून सोडा. फुली मधोमध थांबली तर व्हील ठणठणीत आहे. आता पूर्ण डावीकडे नेऊन परत सरळ करा, मग पूर्ण उजवीकडे नेऊन परत सरळ करा. दोन्ही वेळा फुली वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर आतलं सेन्सर झिजलंय. तेवढ्यापुरतं कॅलिब्रेशन करून फार दिवस भागणार नाही. जुन्या, पॉटेन्शियोमीटरवाल्या (घासून चालणाऱ्या सेन्सरच्या) व्हीलमध्ये हे सर्रास होतं.

फुली जागेवर असूनही गाडी डावीकडे जात असेल तर कॅलिब्रेशनला हातसुद्धा लावू नका. तिरक्या गाडीला सरळ चालवण्यासाठी व्हीलचं केंद्र सरकवलं की टर्नमधला अंदाज बिघडतो, म्हणून दोन लॅपनंतर "परत तेच" होतं. सरळ पट्ट्यावर व्हील अंगठ्याएवढं उजवीकडे धरून ठेवायची सवय करायची, बस. गेमच्या गॅरेजमध्ये, म्हणजे गाडीच्या सेटअपच्या पानावर, स्टिअरिंग ऑफसेट दिलं असेल तर ते वापरा, त्यासाठीच ते असतं. गेमपॅडवाल्यांनी डेडझोन (स्टिक हलवूनही गेम दाद देत नाही तो मधला भाग) शक्य तितका कमी ठेवावा, नाहीतर तेवढासा उजवा धक्का गाडीपर्यंत पोचतच नाही आणि गाडी नागमोडी पळते.

चौथ्या टर्नला फिरणं

इथे खरा घोळ आहे. तीन वेगळी कारणं हुबेहूब एकाच अपघातासारखी दिसतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

आधी गाडीचं बघू. कप गाडीत ५.८६ लिटरचं व्ही-८ इंजिन असतं, दीड मैलाच्या बहुतेक ट्रॅकवर साधारण ६७० हॉर्सपॉवर, सगळी ताकद मागच्या चाकांना. चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एबीएस नाही. टर्नमधून निघताना व्हील वळलेलं असतानाच पूर्ण रेस दिली की मागचा उजवा टायर ओझ्यानं आधीच दमलेला असतो, तो सुटतो. पहिल्या काही लॅपमध्ये टायर ताजे असतात म्हणून चालून जातं. पुढे ते तापतात आणि तीच रेस, त्याच जागी, गाडीला फिरवते. "सुरुवातीला नीट चालते, मग बिघडते" या वर्णनामुळेच लोकांना कॉम्प्युटरचा संशय येतो. डेमोत टायरचं तापमान दाखवणारी छोटी खिडकी आहे, ती उघडी ठेवा. मागचा उजवा इतरांपेक्षा बराच जास्त तापला असेल तर दोष पायाचा किंवा सेटअपचा.

स्टॉक कारवाल्यांच्या भाषेत याला गाडी लूज झाली म्हणतात. मागचं टोक बाहेर पळतं ती लूज, नाक वळेना आणि भिंतीकडे ढकलत जातं ती टाइट. लूज गाडीचा घरगुती इलाज म्हणजे वेज वाढवणं. खऱ्या शर्यतीत पिटमध्ये एक जण मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून फिरवताना दिसतो, तो हेच करत असतो. पाना फिरला की पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या चाकावरचं वजन वाढतं, गाडी टाइट होते. डेमोच्या गॅरेजमध्ये बाकी बरंच कुलूपबंद ठेवलंय, पण वेज आणि टायरची हवा उघडी आहे, आणि तेवढं पुरतं. वेज एक पायरी वाढवा किंवा मागच्या उजव्या टायरची हवा थोडी उतरवा, पाच-सहा लॅप काढा. एका वेळी एकच बदल. दोन्ही एकदम केले तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

पायाबद्दल एकच सांगतो. व्हील सरळ होत जाईल तसतशी रेस वाढवायची. आणि मधेच घाबरून पाय पूर्ण उचलू नका. वजन एकदम पुढे जातं, मागचं टोक हलकं होतं आणि न फिरणारी गाडीही फिरते.

दुसरं कारण पेडलचं. पेडल जमिनीवर असतात आणि आपल्याकडच्या धुळीचं काय सांगायचं. रेसच्या पेडलमधल्या सेन्सरवर कचरा बसला की पाय स्थिर असताना सिग्नल मधेच उडी मारतो. अर्धी रेस एका झटक्यात पूर्ण होते आणि गाडी फिरते. व्हील तपासायला उघडलेल्या विंडोजच्या प्रॉपर्टीजच्या खिडकीत रेसचा पट्टा असतो. पेडल अगदी हळू दाबत न्या. पट्टा सलग वर जायला हवा. एखाद्या ठिकाणी थरथरला किंवा टुणकन उडाला तर तिथेच दुखणं आहे. पेडल उघडून ब्रशनं साफ करा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो डबा मिळतो. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा डबा यासाठी वापरू नका, तो तेलकट थर ठेवतो आणि त्यावर धूळ आणखी चिकटते.

तिसरं कारण: खोली

एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो. वरच्या मजल्यावरची, स्लॅबखालची खोली दुपारी तीनला कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. लॅपटॉपचा प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. खोलीच जर चाळिशीत असेल तर तिथे पोचायला त्याला फार वेळ लागत नाही. आणि हा डेमो प्रोसेसरला चांगलाच राबवतो, कारण ट्रॅकवरच्या प्रत्येक गाडीचा हिशेब सतत चाललेला असतो.

वेग उतरला की काय होतं याचं गणित करून बघा. ताशी २८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७८ मीटर. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० चित्रं) एका फ्रेममध्ये गाडी १.३ मीटर सरकते. चित्र १०० मिलिसेकंद अडखळलं तर गाडी तुम्हाला न दिसता जवळपास ८ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे स्वतःच्या दीड लांबीहून जास्त. सरळ पट्ट्यावर हे जाणवतही नाही. चौथ्या टर्नच्या तोंडाशी, व्हील सरळ करायच्या नेमक्या क्षणी झालं, की संपलं.

याची खूण रिप्लेमध्ये सापडते. सिममध्ये गाडीचं भौतिकशास्त्र आणि पडद्यावरचं चित्र वेगवेगळं चालतं, त्यामुळे खेळताना अडखळलेला प्रसंग रिप्लेमध्ये सहसा गुळगुळीत दिसतो. ड्रायव्हरच्या कॅमेऱ्यातून तो क्षण हळू चालवून हातांकडे बघा. तुम्हाला आठवतं त्यापेक्षा व्हील जास्त वेळ वळलेलं राहिलं असेल, तर तुम्ही उशिरा प्रतिसाद दिलात कारण तुम्हाला उशिरा दिसलं. व्हील वेळेवर सरळ झालंय आणि तरी फिरली, तर मागे जा, टायर आणि पेडल तपासा.

आणखी सोपी परीक्षा म्हणजे तोच सेटअप, तेवढेच लॅप, रात्री दहानंतर आणि ट्रॅकवर एकट्यानं. रात्री एकट्यानं नीट आणि दुपारी गर्दीत फिरते, तर पहिला संशय उष्णतेवर घ्या.

उपाय करताना ग्राफिक्स सरसकट खाली आणू नका. टेक्स्चर कमी करून इथे फारसा फायदा नाही. आधी प्रतिस्पर्धी गाड्या कमी करा. डेमो सुरुवातीलाच पूर्ण ताफा देतो, तो निम्म्यावर आणला की प्रोसेसरला मोकळा श्वास मिळतो. मग आरसा. आरशात दिसणारं दृश्य पुन्हा वेगळं काढावं लागतं, म्हणून तो महाग पडतो. पण स्टॉक कारमध्ये आरसा बंद करणं म्हणजे आत्मघात. मागची गाडी आत येतेय की बाहेर, हे स्पॉटर कानात सांगतो खरा, पण डेमोतला स्पॉटर कधी कधी अर्धा सेकंद उशिरा बोलतो. आरसा ठेवा, त्याचा दर्जा आणि अंतर कमी करा. सावल्या कमी करा. एफपीएसला मर्यादा घाला. मशीन ९० काढू शकत असलं तरी ६० वर बांधलं तर उष्णता निम्म्यानं सुटल्यासारखी वाटते.

पूर्व भागात, टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या जवळ राहणाऱ्यांनी एकदा पंखा उघडून बघावाच. मागच्या आठवड्यात त्याच व्हॉइस मेसेजवाल्याचा लॅपटॉप उघडला. बाहेरून जाळी स्वच्छ होती. पण पंखा काढल्यावर पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये टर्किश टॉवेलच्या लवेसारखा राखाडी थर निघाला, चिमट्यानं धरला तर अख्खा एका तुकड्यात सुटला. नुसती हवा मारून हा थर निघत नाही, उलट पट्ट्यांत आणखी घट्ट बसतो. पंखा सोडवूनच काढावा लागतो. येत नसेल तर दुकानात द्या, पण "पंखा काढून पट्ट्यांच्या बाजूनं साफ करा" असं स्पष्ट सांगा. कूलरचा झोत थेट मशीनवर घेऊ नका. खोली गार करायला कूलर ठीक, पण ओला झोत आणि हा कापसाचा थर एकत्र आले की चिखल होतो.

डेमो मुळात कसा आहे

एवढी खटपट करण्यालायक आहे का, तर आहे. दुसऱ्या गाडीच्या मागे लागल्यावर हवा कमी होऊन गाडीचा वेग वाढतो, आणि त्याच वेळी नाकावरचा दाब जाऊन गाडी टर्नमध्ये टाइट होते. हे दोन्ही एकाच वेळी इतकं नीट जमलेलं क्वचित दिसतं. ज्यांनी पॅपिरसचा नॅसकार रेसिंग २००३ सीझन झिजेपर्यंत खेळलाय, त्यांना गाडी ओळखीची वाटेल. इंजिनाचा आवाज सुरेख, हेडफोन लावून बघा. भिंतीला घासल्यावरचं नुकसान मात्र फारच सौम्य आहे, आणि अपघातामुळे दाखवलेल्या पिवळ्या झेंड्यानंतरची रांग लावताना संगणकाच्या गाड्या एकमेकींना धडकतात. डेमो आहे म्हणून सोडून देतो.

व्हीलमध्ये काहीच जाणवत नाही म्हणणाऱ्यांसाठी

गाडी सुटतेय हे हाताला कळत नाही, एकदम फिरते, अशीही तक्रार आहे. इथे फोर्स फीडबॅक (व्हीलची मोटर हाताला देते तो जोर) जास्त ठेवलेला असतो. ओव्हलच्या टर्नमध्ये व्हीलवर सतत जोर असतो, रस्त्याच्या ट्रॅकसारखा येतो-जातो असं नाही. मोटर आधीच शंभर टक्क्यांवर असेल तर टायर सुटल्याची बारीक थरथर दाखवायला तिच्याकडे जागाच उरत नाही. याला क्लिपिंग म्हणतात. जोर कमी करा, पटणार नाही एवढा कमी करा. डेमोत फीडबॅकचा मीटर आहे. टर्नच्या मध्यावर तो लाल पट्ट्याच्या खाली राहील असं बघा. व्हील हलकं लागेल, पण बोलायला लागेल.

मधेच व्हील स्वतःहून गरगर फिरतं

हे वेगळंच प्रकरण, आणि याचा गेमशी संबंध नाही. वीज गेली-आली, इन्व्हर्टर लागला आणि मॉनिटरही लुकलुकला नाही, पण व्हीलच्या अडॅप्टरला तेवढी फट पुरते. व्हील बंद होऊन परत चालू होतं आणि स्वतःचं केंद्र शोधायला दोन्हीकडे फिरतं. हात आत असेल तर अंगठा सांभाळा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरला मागे एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल. यूपीएसवर बदल साधारण १०-१५ मिलिसेकंदांत होतो, नॉर्मलवर त्याहून बराच वेळ जातो. बटण यूपीएसवर टाका. मात्र यूपीएस मोडवर व्होल्टेज थोडं खाली-वर झालं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, त्यामुळे ज्या भागात व्होल्टेज सारखं पडतं तिथे बॅटरी लवकर उतरेल. तिथे व्हील आणि कॉम्प्युटरला छोटा वेगळा यूपीएस लावलेला बरा.

वीज न जाताही व्हीलची जोडणी तुटत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. लॅपटॉपवर बॅटरी आणि चार्जर या दोन्ही ओळी वेगळ्या असतात, दोन्ही बंद करायच्या. व्हील हबमध्ये न लावता थेट मशीनला लावा.

सेटिंग परत परत पुसली जातात

डेमो बंद करून उघडला की व्हीलची बटणं आणि फिरण्याचे अंश मूळ पदावर येतात, हेही पुष्कळांनी सांगितलं. गेम सुरू होताना व्हील जोडलेलं नसेल किंवा उशिरा जागं झालं, तर डेमो कीबोर्ड पकडतो आणि तुमची फाइल पुसून नवी लिहितो. म्हणून आधी व्हील जोडा, त्याचं फिरणं थांबू द्या, मग गेम उघडा. एवढं करूनही होत असेल तर सगळी बटणं नीट बसवून गेम बंद करा, डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरमध्ये कंट्रोलची फाइल शोधा, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीवर खूण करा. पुढे एखादं बटण बदलायचं झालं तर ती खूण आधी काढावी लागेल, नाहीतर नवीन बटण सेव्ह होणार नाही.